टोप कोणाचा, टोपी कोणाला

७ सप्टेंबर १८५०. न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमध्ये तिकिटांचा लिलाव पुकारला जात होता. गायिका आठवड्याभरापूर्वीच बोटीतून उतरली होती. जेनी लिंड तिचं नाव. युरोप तिला ‘स्वीडिश नाइटिंगेल’ म्हणत असे. पहिलं तिकीट २२५ डॉलरला गेलं आणि ते घेतलं एका टोपीवाल्याने! जॉन जेनिन या गृहस्थाचं ब्रॉडवेवर टोप्यांचं दुकान होतं, पी. टी. बार्नमच्या संग्रहालयाला अगदी खेटून. त्याला गाण्याचा कान किती होता, देव जाणे. व्यापाराचा कान मात्र तिखट होता. लिलावाची बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली आणि डोक्यावरची टोपी काढून आत जेनिनचं नाव आहे का ते पाहण्याची लोकांना सवय लागली.

हा सगळा बनाव बार्नमचा. पहिलं तिकीट घेणाऱ्याची फुकट जाहिरात होईल, हे त्याने जेनिनच्या कानात सांगितलं होतं आणि तेच गोळ्यांचा कारखाना चालवणाऱ्या ब्रँड्रेथच्याही. दोघांची बोली चढत गेली. सर्कशीचा म्हणून पुढे जगाला माहीत झालेला हा माणूस लिंडचं गाणं एकदाही न ऐकता तिला करारबद्ध करून बसला होता. १५० मैफली, प्रत्येकीचे १,००० डॉलर, शिवाय खर्च वेगळा. आणि एवढी रक्कम त्याला आगाऊ लंडनच्या पेढीत भरावी लागली होती. ती वसूल करायची, तर गाणं सुरू होण्याआधी गाणारीचं नाव घराघरांत पोचायला हवं होतं.

ते पोचलं. जेनी लिंड हातमोजे आले, जेनी लिंड बॉनेट आली, शाली, घोडेस्वारीच्या हॅट, खुर्च्या, सोफे, पियानो. कातीव दांड्यांच्या लाकडी पलंगाला तिचं नाव चिकटलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. अमेरिकेत बाळांचे पाळणे अजून ‘जेनी लिंड’ म्हणून विकले जातात आणि घेणाऱ्या आईबापांपैकी बहुतेकांना ही बाई कोण, याचा पत्ता नसतो. बार्नमने आत्मचरित्रात पै-पैचा हिशेब दिला आहे. ९५ मैफलींत सुमारे ७ लाख १२ हजार डॉलर जमले, त्यातले सुमारे १ लाख ७६ हजार लिंडच्या वाट्याला गेले. (तिने त्यातला मोठा भाग स्वीडनमधल्या शाळांसारख्या धर्मादाय कामांना दिला.) त्या हिशेबात हातमोजे आणि सोफे कुठेच नाहीत. असण्याचं कारणही नव्हतं. ज्याला वाटेल त्याने तिचं नाव आपल्या मालावर डकवलं होतं आणि त्यासाठी तिची परवानगी घ्यायला हवी, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

चाहत्याला गाण्याबरोबर काहीतरी हातात धरायला हवं असतं, ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. त्याआधी आठ-नऊ वर्षं बर्लिनमध्ये पियानोवादक फ्रांझ लिस्टच्या मागे बायका वेड्या झाल्या होत्या. त्याच्या पियानोची तुटलेली तार कोणी कंकणात बसवली. त्याने फेकलेलं सिगारचं थोटूक एका बाईने लॉकेटमध्ये जपलं, असं सांगतात. कवी हाइनेने या वेडाला १८४४ मध्ये ‘लिस्टोमेनिया’ असं नाव ठेवलं. पण लिस्टचं थोटूक फुकटात मिळालेलं होतं. जेनी लिंडचा हातमोजा विकत मिळत होता. मग त्या विक्रीतला वाटा कोणाचा? पुढची शंभर-सव्वाशे वर्षं या धंद्याचा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला, आणि गाणारा माणूस त्यात बहुतेक वेळा रांगेत शेवटी उभा होता.

आपल्याकडचं चित्र फार निराळं नव्हतं. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांचं गाणं त्याने तबकडीवर उतरवलं. गाणं संपताच त्या खणखणीत इंग्रजीत आपलं नाव सांगतात, ते आजही ऐकू येतं. काही वर्षांत त्यांची छबी पोस्टकार्डांवर आली आणि चक्क ऑस्ट्रियात बनलेल्या काड्यापेट्यांवरही. कलकत्त्याच्या गायिकेचा चेहरा युरोपातल्या कारखान्यात छापून पुन्हा हिंदुस्थानातल्या पानाच्या गादीवर यायचा! तबकडी घेणं ऐपतवाल्यांचं काम होतं. काड्यापेटी कोणालाही परवडायची.

मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांचं गारुड होतं तेव्हा त्यांच्या भामिनीचा शालू, रुक्मिणीचे दागिने आणि केसांत माळलेला गजरा प्रेक्षागृहातून थेट लग्नमांडवात पोचत असे. त्यांची छबी साबण, पावडर आणि टॉनिक यांच्या विक्रीलाही उपयोगी पडली. नट-गायकाचा चेहरा बाजारात नाण्यासारखा चालतो, हे साबणवाल्यांनी बरोबर हेरलं होतं. गंधर्व नाटक मंडळीचं सगळं लक्ष मात्र रंगमंचावर: खरा भरजरी शालू, अस्सल अत्तर, उंची गालिचे. १९१३ साली स्थापन झालेली ही कंपनी लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाही कर्जात रुतत गेली. नारायणराव राजहंसांना, म्हणजे बालगंधर्वांना, हिशेबाचं वावडं होतं, हे त्यांच्या भक्तांनीही लिहून ठेवलं आहे. पण समजा हिशेबी माणूस असता, तरी साबणाच्या वडीमागे आपल्याला पैसा मिळायला हवा, हे त्या काळात त्याला सुचलं असतं का? शंका आहे.

नाटकाच्या आणि पुढे सिनेमाच्या दारात एक वस्तू मात्र हक्काने विकली जायची. गाण्यांचं पुस्तक, ज्याला पुढे सगळे ‘चोपडी’ म्हणू लागले. पातळ, लवकर पिवळा पडणारा कागद, मुखपृष्ठावर नायक-नायिका, आत कलावंतांची नावं, मग गोष्ट आणि गाणी. किंमत आणा-दोन आणे. गोष्ट नेमकी अडचणीच्या वळणावर तोडलेली असे आणि पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा, असं आमंत्रण. गाणी बऱ्याचदा देवनागरीत आणि उर्दूत, कधी गुजराती आणि रोमन लिपीतही छापलेली असत. कारण एकाच थिएटरात बसणारे लोक निरनिराळ्या लिप्या वाचणारे होते. घरी रेडिओ नसलेल्या माणसाला चाल लक्षात ठेवायला एवढा आधार पुरे असे. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी १९३१ पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांचा कोश रचला, त्याला अशा चोपड्यांचा केवढा तरी आधार मिळाला. कितीतरी जुन्या चित्रपटांच्या रिळी नष्ट झाल्या. दोन आण्यांचा कागद उरला. आज जुन्या बाजारात या चोपड्यांना जे भाव येतात, ते पाहून तेव्हाच्या डोअरकीपरांना भोवळ आली असती.

चोपडीतला पैसा निर्मात्याचा किंवा छापणाऱ्याचा. गायकाचं नाव तर सुरुवातीच्या कित्येक चोपड्यांत नसायचंच.

अमेरिकेत या प्रकरणाला कायदेशीर वळण लागलं ते च्युइंगगममुळे. गमच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची चित्रं घालण्यावरून दोन कंपन्या कोर्टात भांडत होत्या. १९५३ मध्ये त्या खटल्याचा निकाल देताना न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी म्हटलं की, प्रसिद्ध माणसाला स्वतःच्या छबीच्या व्यापारी वापराचा हक्क असतो आणि तो त्याला विकताही येतो. तीनच वर्षांनी एल्व्हिस प्रेस्ली नावाचं वादळ आलं. त्याचा मॅनेजर ‘कर्नल’ टॉम पार्कर जत्रेतल्या खेळांच्या धंद्यात मुरलेला होता आणि मैफलीच्या दारात उभं राहून स्वतः फोटो विकण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. १९५६ मध्ये त्याने हँक सॅपरस्टीनशी करार केला. सॅपरस्टीन हा टीव्हीवरच्या लोन रेंजर आणि लॅसीच्या नावाने खेळणी काढणारा तरबेज गडी. बूट, जीन्स, बांगड्या, गळ्यातली पदकं, पत्रांचे कागद निघाले. लिपस्टिकच्या छटांना एल्व्हिसच्या गाण्यांची नावं दिली गेली. वर्षभरात सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास माल खपल्याचा आकडा सांगितला जातो. पार्करने ‘मला एल्व्हिस आवडत नाही’ अशा अर्थाचे बिल्लेही बाजारात आणल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शत्रूनेही पैसे आपल्याच गल्ल्यात टाकावेत! पार्करने एल्व्हिसला आयुष्यभर कसं पिळलं, ती कथा वेगळी. पण नाव ही मालमत्ता आहे आणि ती फुकट द्यायची नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लिव्हरपूलच्या ब्रायन एप्स्टीनला ते ठाऊक नव्हतं. खरं तर त्याला असायला हवं होतं. तो दुकानदाराच्या घरात वाढलेला. फर्निचर आणि रेकॉर्ड विकणाऱ्या कौटुंबिक धंद्यात तयार झालेला. नेम्स, म्हणजे नॉर्थ एंड म्युझिक स्टोअर्स, हे त्या दुकानाचंच नाव त्याने बीटल्सची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला दिलं. मालाचा दर्जा, काचेमागची मांडणी, कोटाची शिवण यांत त्याची नजर कोणाला हार जात नसे. १९६३ च्या उत्तरार्धात बीटल्सच्या नावाने स्वेटर, बिल्ले, कंगवे, वॉलपेपर, प्लास्टिकची गिटार काढायला परवानगी मागणाऱ्या उत्पादकांची रीघ लागली. एप्स्टीनला ही कटकट वाटली. पैसा रेकॉर्डमध्ये आणि मैफलींत आहे, बाकीची जाहिरात. त्याने कागदांची चळत लंडनचे सॉलिसिटर डेव्हिड जेकब्ज यांच्याकडे सरकवली. जेकब्जना हे आपल्या कचेरीबाहेर कोणाकडे तरी सोपवायचं होतं. त्यांना ओळखीतला निकी बायर्न आठवला.

बायर्न चेल्सीतला रंगेल माणूस. सोहोमधला एक क्लब त्याने चालवला होता, त्याची बायको फॅशन डिझायनर होती. त्याने विशीतले पाच तरुण भागीदार गोळा केले, त्यांत एका उमरावाचा वारसही होता. अमेरिकेतल्या कंपनीचं नाव ठेवलं ‘सेल्टाएब’: बीटल्सचं स्पेलिंग उलटं वाचा. करारनाम्यात टक्केवारीची जागा कोरी होती. बायर्नने पुढे सांगितलेली हकीकत अशी की, घासाघीस होणारच, या अंदाजाने त्याने स्वतःकडे ९० आणि बीटल्सच्या बाजूला १० असा आकडा टाकला. जेकब्जनी हरकत घेतली नाही. काहीच नसण्यापेक्षा दहा टक्के बरे, एवढाच विचार. डिसेंबर १९६३ मध्ये सह्या झाल्या.

या नव्वद-दहाचा अर्थ काय होतो, ते एक उदाहरण धरून पाहू. दुकानात एक डॉलरला जाणाऱ्या वस्तूवर उत्पादकाने परवान्यापोटी १० सेंट दिले. त्यातले ९ सेल्टाएबचे. नेम्सला १ सेंट. एप्स्टीनचं मॅनेजर म्हणून कमिशन २५ टक्के. ते वजा जाता पाऊण सेंट. तो चौघांत वाटायचा. म्हणजे ज्याच्या चेहऱ्यासाठी पोरगी डॉलर मोजते आहे, त्या जॉनला किंवा पॉलला पाव सेंटसुद्धा पुरता नाही.

७ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स न्यूयॉर्कला उतरले. दोन दिवसांनी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात ते गायले, तेव्हा सात कोटींहून अधिक लोक टीव्हीसमोर होते. बायर्न आधीच अमेरिकेत ठाण मांडून बसला होता. हॉटेलच्या त्याच्या खोलीबाहेर उत्पादक चेकबुक घेऊन ताटकळत. रिलायंट शर्ट कॉर्पोरेशनने टी-शर्टांचा परवाना घेतला आणि तीन दिवसांत दहा लाखांवर टी-शर्ट विकल्याचं म्हटलं जातं. रेम्को कंपनीने बीटल्सच्या बाहुल्या काढल्या. आणि टोप! लोवेल टॉय कॉर्पोरेशनच्या कारखान्यातून दिवसाला हजारो टोप बाहेर पडत होते. कृत्रिम केसांचा काळा झुपका, कपाळावर भुवयांपर्यंत आलेला. डोक्यावर चढवला की चष्मेवाला हिशेबनीसही क्षणभर रिंगो. आईबापांना ज्या केसांचा राग होता, ते केस शाळेत काढून खिशात ठेवता येत होते. या टोपाच्या खपाचं एक गुपित तिथे असावं. त्या वर्षाअखेर अमेरिकेत पाच कोटी डॉलरचा बीटल्स-माल खपेल, असा वॉल स्ट्रीट जर्नलचा अंदाज होता.

लोकांना छापील परवान्याच्या वस्तूही पुरत नव्हत्या. बीटल्स ज्या हॉटेलांत उतरले, तिथल्या चादरी विकत घेऊन त्यांचे टिचभर तुकडे कापून, सोबत खरेपणाचं प्रमाणपत्र जोडून विकणारे निघाले. न धुतलेल्या चादरी, हे विशेष!

एप्स्टीन न्यूयॉर्कला आल्यावर बायर्नने त्याच्या हातात ९,७०० डॉलरचा पहिला चेक ठेवला. एप्स्टीन खूश झाला आणि यातले तुला किती द्यायचे, असं त्याने विचारलं. बायर्नने सांगितलं की, काहीच नाही; माझे मी घेतले आहेत, हा तुमचा दहावा हिस्सा. फिलिप नॉर्मन या चरित्रकाराने ही गोष्ट बायर्नच्या तोंडून लिहून घेतली आहे, तेव्हा तिला थोडं मीठमसाल्यासकट घ्यावं. पण त्यानंतर एप्स्टीनच्या वागण्यात जी घाई दिसते, ती पाहता प्रसंग खोटा वाटत नाही. नव्वद हजारांच्या आसपासची रक्कम समोरच्या माणसाने आधीच उचलली आहे, हे दुकानदाराच्या मुलाला तिथल्या तिथे उमगलं असणार.

त्याच वर्षी फेरकरार होऊन नेम्सचा वाटा ४६ टक्क्यांवर गेला. तरी वाद मिटला नाही. सेल्टाएबने हिशेब दिले नाहीत म्हणून नेम्सने तिच्यावर दावा लावला आणि अमेरिकेत परस्पर परवाने द्यायला सुरुवात केली. बायर्नने पन्नास लाख डॉलरचा उलटा दावा ठोकला. सेल्टाएबच्या भागीदारांतही लिमोझिन आणि हेलिकॉप्टरच्या बिलांवरून जुंपली. एकाच टोपाचे दोन परवाने, दोघांच्याही हातात अस्सल कागद. मग दुकानांनी माल घ्यायचा कोणाकडून? वूलवर्थ आणि पेनी या साखळी दुकानांनी ऑर्डरी रद्द केल्या. त्या ७ कोटी ८० लाख डॉलरच्या होत्या, असा आकडा या प्रकरणात नेहमी दिला जातो. खटला १९६७ मध्ये कोर्टाबाहेर मिटला, तोवर टोपांची हौस केव्हाच फिटली होती. एप्स्टीन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. गमावलेल्या पैशाचा पूर्ण अंदाज त्याने चौघांना कधी नीट दिलाच नाही. बीटल्सचं नुकसान दहा कोटी डॉलरचं होतं, असं म्हणणारे आहेत. तो आकडा फुगवलेला असू शकतो, पण पाव सेंटचा हिशेब तर समोर आहे.

चौघांनी पुढे स्वतःच दुकान टाकलं. डिसेंबर १९६७ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर ॲपल बुटीक उघडलं आणि चोरीने, उधळपट्टीने आठ महिन्यांत बंद पडलं. शेवटच्या दिवशी उरलेला माल त्यांनी लोकांना फुकट वाटून टाकला.

बीटल्सच्या पोळलेल्या बोटांवरून दुसरे शिकले. रोलिंग स्टोन्सने १९७० मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या जॉन पाश नावाच्या विद्यार्थ्याला बोधचिन्ह काढायला सांगितलं. मिक जॅगरने त्याला नमुना म्हणून दाखवली कालीमातेची तसबीर, लंडनमधल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली. आपल्याकडे वाण्याच्या कॅलेंडरवर दिसते तशी, जीभ बाहेर काढलेली. पाशने त्यातून लाल ओठ आणि बाहेर आलेली जीभ एवढंच उचललं. मानधन ५० पौंड. पुढे त्याला आणखी २०० दिले गेले. हे चित्र अँडी वॉरहोलचं, असं आजही लोक छातीठोक सांगतात. ते खरं नाही. मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ९२,५०० डॉलरला घेतलं. कालीच्या जिभेने टी-शर्टांवर किती कोटी मिळवले, ते स्टोन्सचे हिशेबनीस जाणोत. कॅलेंडर छापणाऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही, हे उघड आहे.

टी-शर्ट हा या धंद्याचा खरा राजा ठरला. टोप एका मोसमात विटतो, टी-शर्ट नाही. साठच्या दशकात कापडावर टिकणारी प्लास्टिसोल शाई आली, स्क्रीन-छपाई स्वस्त झाली आणि सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ग्रॅहमच्या मंडळींनी विंटरलँड प्रॉडक्शन्स काढून मैफलींचे टी-शर्ट छापण्याचा पद्धतशीर कारखानाच उभा केला. पाठीवर दौऱ्यातल्या गावांची आणि तारखांची यादी आली. ती यादी म्हणजे ‘मी तिथे होतो’ याचा दाखला, आणि असा दाखला अर्थातच हॉलबाहेरच्या वाहनतळावर निम्म्या किमतीत नकलीही मिळू लागला. बँडचे वकील कोर्टातून नाव-गाव नसलेल्या अज्ञात विक्रेत्यांविरुद्ध मनाई हुकूम आणायचे आणि मैफलीच्या रात्री पोलिस बरोबर घेऊन ढीगच्या ढीग जप्त करायचे. ग्रेटफुल डेडच्या मैफलींबाहेर मात्र चाहत्यांनी रंगवलेल्या शर्टांचा, मण्यांचा, खाद्यपदार्थांचा बाजारच भरत असे. या बँडने मैफल ध्वनिमुद्रित करायलाही लोकांना मोकळीक दिली होती. टेप फुकट वाटल्या गेल्या आणि त्याच टेपांनी पुढच्या मैफलींचे श्रोते आणले. धंद्याचं हे गणित भल्याभल्यांना आजही पटत नाही.

लाज न बाळगता विकणं म्हणजे काय, हे पाहायचं तर किस या बँडकडे वळावं. रंगवलेले चेहरे, उंच टाचांचे बूट. चौघांचं रूपच मुळी खेळण्यासारखं. बाहुल्या झाल्या, पिनबॉलची यंत्रं झाली. १९७७ मध्ये मार्व्हलने त्यांची कॉमिक काढली, तेव्हा चौघांनी स्वतःचं रक्त काढून न्यूयॉर्क राज्यातल्या छापखान्यात लाल शाईच्या पिंपात ओतलं आणि त्यावर नोटरीची सही घेतली. २००१ मध्ये ‘किस कास्केट’ आली. शवपेटी! वर बँडची चित्रं. पँटेरा बँडचा गिटारवादक डाइमबॅग डॅरेल २००४ मध्ये गोळीबारात मारला गेला, त्याला अशाच पेटीत पुरण्यात आलं. इथे मात्र एक मान्य करायला हवं: किसच्या प्रत्येक वस्तूवरचा पैसा किसकडे जात होता.

आपल्या अभिजात संगीताच्या जगात असली विक्री कधी रुजली नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवाबाहेर कॅसेट, मग सीडी, गायकांची प्रकाशचित्रं आणि दिनदर्शिका मिळत आल्या. तानपुऱ्यासह बसलेल्या भीमसेनजींची तसबीर दिवाणखान्यात लावणारी घरं कमी नाहीत. छातीवर गवयाचं चित्र मिरवणं मात्र या रसिकाला जमलेलं नाही.

रेकॉर्ड विकून पोट भरेनासं झालं, तशी वस्तूंकडे पाहण्याची नजरच बदलली. गाणं फुकट वाहत असेल, तर ज्याची नक्कल करता येत नाही असं काहीतरी विकायला हवं. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरने २००८ मध्ये ‘घोस्ट्स’ हा संग्रह नेटवर पाच डॉलरला ठेवला, आणि सोबत ३०० डॉलरची क्रमांक घातलेली, स्वतः सही केलेली २,५०० प्रतींची आवृत्ती. ती दोन दिवसही टिकली नाही. साडेसात लाख डॉलर जमले. फ्लेमिंग लिप्सने २०११ मध्ये जेलीची खाण्याजोगी कवटी काढली, आत चार गाण्यांचा पेनड्राइव्ह. गाणी ऐकायला मेंदूपर्यंत खात जायचं. वू-टँग क्लॅनने तर एका अल्बमची एकच प्रत बनवली आणि २०१५ मध्ये ती औषधांच्या किमती वाढवून बदनाम झालेल्या मार्टिन श्क्रेलीला वीस लाख डॉलरला विकली. तो तुरुंगात गेल्यावर सरकारने ती जप्त करून पुन्हा विकायला काढली.

कोरियात याहून चतुर गोष्ट घडली. तिथले बँड चाहत्यांना प्रकाशणाऱ्या कांड्या विकतात; प्रत्येक बँडचा आकार आणि नाव ठरलेलं. बीटीएसची कांडी ‘आर्मी बॉम्ब’. आता या कांड्या ब्लूटूथवरून मंचाच्या प्रकाशयोजनेला जोडलेल्या असतात. गाणं बदललं की पन्नास हजार हातांतला रंग एकदम बदलतो. म्हणजे मैफलीच्या रोषणाईचा बराचसा खर्च प्रेक्षक स्वतःच करतो, तोही हौसेने.

लहान बँडांची गोष्ट यापेक्षा खूप साधी आहे. व्हॅनमधून फिरणाऱ्या चौघापाच जणांचं दौऱ्याचं डिझेल टेबलावरच्या टी-शर्टातून निघतं. आणि तिथे हॉलचा मालक कमिशन मागतो. ब्रिटनमध्ये ३० पौंडांचा टी-शर्ट धरा: ५ पौंड व्हॅटमध्ये जातात, उरलेल्या २५ वर हॉलने २५ टक्के मागितले की सव्वासहा पौंड आणखी गेले. कापड, छपाई आणि टेबलावर बसणाऱ्या मुलीची मजुरी त्यानंतर. हॉलचं म्हणणं असं की, जागा आमची, वीज आमची, गर्दी सांभाळणारी माणसं आमची. बँड विचारतात, मग बारच्या विक्रीतला वाटा आम्हाला का नाही? फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या ब्रिटिश कलावंतांच्या संघटनेने जानेवारी २०२२ मध्ये कमिशन न घेणाऱ्या जागांची यादीच जाहीर केली आणि ती वाढत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये लाइव्ह नेशन या बलाढ्य कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या छोट्या क्लबांत हे कमिशन रद्द केल्याची घोषणा केली. स्वतंत्र हॉल चालवणाऱ्यांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली: मोठ्या कंपनीला ही सूट परवडते, आम्ही तीच दिली तर हॉलला कुलूप लागेल. त्या घोषणेत मोठी थिएटरं आणि अरीना नव्हत्या.